माझं गूगल बदललंय!

बी.ई.च्या पहिल्या वर्षाला असताना आमच्या बडोद्याच्या गोतावळ्यात 'कॉम्प्युटरवाला' म्हणून माझी नेमणूक झाली, ती आजतागायत कोणी रद्द केलेली नाही. हल्ली सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच: "अरे, माझं गूगल बदललंय!" घरातल्या तरुण मंडळींनो, असा फोन तुम्हालाही येणार आहे, म्हणून या वेळी त्याबद्दल.

मावशीचंच उदाहरण घ्या. तिला मुंजीच्या पत्रिकेची पीडीएफ करायची होती. त्यासाठी तिने क्रोममध्ये एक फुकटचं एक्स्टेन्शन टाकलं. दुसऱ्या दिवसापासून काहीही शोधलं की कधी न ऐकलेल्या नावाचं पान क्षणभर चमकून जायचं आणि निकाल याहूचे दिसायचे. मावसभावाने सेटिंग्जमध्ये जाऊन सर्च इंजिन पुन्हा गूगल केलं. संध्याकाळी परत तेच. असं तीनदा झालं. छप्पर गळत असताना फरशी पुसण्यासारखाच हा प्रकार. सेटिंग बदलणारा आतच बसलेला असतो; आधी त्याला काढायचं, सेटिंगचं नंतर.

निकाल खरे वाटतात, कारण ते बहुतेक वेळा खऱ्या सर्च इंजिनचेच असतात. मधला भामटा आपला शोध स्वतःच्या सर्व्हरवरून पुढे ढकलतो आणि जाहिरातींवरचं कमिशन खातो. एका क्लिकचे पैसे किरकोळ, पण कॉम्प्युटर लाखो. २०१७ मध्ये चेक पॉइंट या कंपनीने 'फायरबॉल' नावाचं असंच प्रकरण उघडकीस आणलं. जगभरात २५ कोटी कॉम्प्युटर बाधित असल्याचा त्यांचा अंदाज होता. तो फुगवलेला आहे, असं मायक्रोसॉफ्टचं म्हणणं पडलं. फायरबॉलही दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या पोटात बसूनच यायचं.

"चार जाहिराती जास्त दिसल्या, तर काय बिघडलं?" काकांनी विचारलं. बिघडतं ते असं. अशी एक्स्टेन्शन बहुधा 'सर्व वेबसाइटवरची माहिती वाचणे आणि बदलणे' ही परवानगी मागतात आणि आपण ती न वाचता देतो. बँकेचं पानही त्यात आलंच. शिवाय बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधला, तर सगळ्यात वर कोणता नंबर दिसावा, हेही त्या मधल्याच्या हातात. हे सांगितल्यावर पेन्शनवाले काका खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले.

आता दुरुस्ती. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सर्च इंजिन' उघडा. एखादं एक्स्टेन्शन त्यावर ताबा ठेवून असेल, तर बहुतेक वेळा त्याचं नाव तिथेच लिहिलेलं असतं. मग एक्स्टेन्शनच्या यादीत जाऊन ते नुसतं बंद न करता काढूनच टाका. ओळखीचं नाही आणि लागतही नाही, असं दुसरं काही दिसलं तर तेही काढा. विंडोजमधल्या प्रोग्रामची यादी तारखेप्रमाणे लावून पाहा. त्रास सुरू झाला त्या दिवशी काय काय आलं, ते तिथे कळतं. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. 'टार्गेट'च्या ओळीत शेवटी एखाद्या वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल, तर तो पुसा. हे फारसं कोणी पाहत नाही.

खरी चिवट जात निराळी. एक्स्टेन्शनला 'रिमूव्ह'चं बटणच नसतं आणि मेनूच्या तळाशी 'हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून चालवला जातो' अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसते. ऑफिसच्या लॅपटॉपवर ती असायचीच, तिथे हात लावू नका. घरच्या लॅपटॉपवर मात्र चौकशी करायला हवी. काही अँटिव्हायरसमुळेही ती येते. तसं नसेल, तर कोणीतरी विंडोजच्या रजिस्ट्रीत क्रोमसाठी नियम लिहून ठेवला आहे, असं समजा. रजिस्ट्रीत हात घालायची सवय नसेल, तर जाणकाराला बसवा.

हे सगळं झालं की क्रोमच्या सेटिंग्जमधून 'रीसेट' करा. बुकमार्क आणि जपून ठेवलेले पासवर्ड जात नाहीत, पण बऱ्याच वेबसाइटवर पुन्हा लॉगिन करावं लागतं. क्रोममध्ये पूर्वी सफाईचं स्वतःचं साधन होतं. ते गूगलने २०२३ मध्ये काढून टाकलं, त्यामुळे जुन्या सूचना वाचून ते शोधत बसू नका. आणि 'आत्ताच साफ करा' म्हणणारं भलतंच क्लीनर तर मुळीच उतरवू नका, नाहीतर रोग एक नि औषध दुसराच रोग, असं व्हायचं.

मावशीच्या घरी आणखी एक निघालं. काकांच्या जुन्या डेस्कटॉपवरही तेच एक्स्टेन्शन होतं, आणि काका शपथेवर सांगत होते की त्यांनी काहीही टाकलेलं नाही. खरंच होतं ते. दोन्हीकडे मावशीचंच गूगल खातं चालू, त्यामुळे सिंकमधून ते आपोआप तिकडे पोचलं होतं. तेव्हा ते खातं चालू असलेले घरातले सगळे कॉम्प्युटर तपासा. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदला, पण साफ केलेल्या किंवा दुसऱ्याच कॉम्प्युटरवरून. पैसे गेल्याचं दिसलं, तर १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. इथे एकेक तास महत्त्वाचा असतो. बँकेचा नंबर मात्र सर्चमध्ये शोधू नका, तो कार्डाच्या मागे छापलेला असतो.