कुरण मोडण्यापूर्वीं

माळरान म्हणजे पडीक जमीन, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. जेथें धान्य पिकत नाहीं तें पडीक, हा मूळचा सारावसुलीचा हिशेब. पण तो आतां शेतकऱ्याच्याहि मनांत मुरला आहे. यंत्रें भाड्यानें मिळूं लागल्यापासून तर वडिलोपार्जित कुरण म्हणजे उगाच अडकून पडलेलें भांडवल वाटूं लागलें आहे. चार दिवसांत माळ सपाट होतो, पावसापूर्वीं नांगरट होते, आणि पहिल्या वर्षीं पीकहि बहुधा बरें येतें. हें पहिल्या वर्षाचें पीकच आपणांस फसवितें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पवना, मारवेल किंवा कुसळी यांची मुळी रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली तर तिच्या पेशींत शिरलेले बुरशीचे तंतु दिसतात. बुरशी म्हटली कीं आपणांस तांबेरा, काणी आणि मर हींच आठवतात. परंतु ही बुरशी शत्रु नव्हे, भागीदार आहे. मूळ व बुरशी यांच्या भागीदारीस फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञानें १८८५ सालीं 'मायकोऱ्हायझा' हें नांव दिलें. स्फुरद हा मातींत जवळजवळ जागचा हालत नाहीं. मुळीच्या अगदीं लगतचा स्फुरद संपला कीं पुढचा तिच्या हातीं लागत नाहीं. बुरशीचे तंतु मुळीच्या केसांहूनहि बारीक असतात; ते पलीकडे कित्येक सेंटिमीटर जाऊन स्फुरद व जस्त आणून देतात, आणि मोबदल्यांत झाडाकडून साखर घेतात. जुन्या कुरणाच्या एक ग्रॅम मातींत असे तंतु कित्येक मीटर भरतात. मातीचे कण बांधून ती रवाळ ठेवण्याचें कामहि तेच करतात, म्हणून कुरणांत पडलेला पाऊस जिरतो.

नांगराचा फाळ हें जाळें तोडतो. तुटलेलें जाळें पुन्हां विणलें जातें हें खरें, पण वारंवार नांगरलेल्या जमिनींत सर्वच जाती टिकत नाहींत. लवकर बीजाणु धरणाऱ्या थोड्या काटक जातीच उरतात. मध्य युरोपांतील गवताळ व नांगरटीच्या जमिनींची तुलना २००३ सालीं प्रसिद्ध झाली, तींत हेंच आढळलें: जमिनीचा वापर जितका कडक, तितक्या या बुरशीच्या जाती कमी. आल्बर्ट हॉवर्ड यांनीं इंदूरच्या अनुभवानंतर १९४० सालच्या आपल्या ग्रंथांत या भागीदारीकडे आग्रहानें लक्ष वेधलें होतें. कंपोस्टाचे खड्डे आपण त्यांच्यापासून घेतले. हा भाग मात्र सोयीस्करपणें विसरलों.

नांगरापेक्षांहि मोठा घात उघड्या जमिनीनें होतो. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय जगूं शकत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतीं आपल्या काळीसारखीच फुगणारी व भेगाळणारी जमीन आहे. तेथें वर्षाहून अधिक काळ मोकळ्या ठेवलेल्या शेतांत पुढील पीक खुरटत असे; विसावा मिळालेली जमीन उलट उपाशी कां, हें कोडें होतें. थॉम्पसन यांनीं १९८७ सालीं दाखविलें कीं, मधल्या काळांत बुरशी उपासमारीनें घटते, आणि पिकास स्फुरद व जस्त मिळेनासें होतें. जवसासारख्या बुरशीवर विसंबणाऱ्या पिकाचे हाल अधिक.

आमच्याकडून हीच चूक घडली. तीन एकर कुरण मोडलें आणि हरळी मरावी म्हणून वर्षभर उघडें तापविलें. पुढच्या वर्षीं ज्वारी गुडघ्याएवढी होऊन जांभळी पडली. एरवीं बांधालगतच्या ओळी खुरट्या असतात. त्या वर्षीं तेवढ्याच ओळी हिरव्या होत्या, कारण गवताचीं मुळें तेथें जिवंत राहिलीं होतीं. एका सल्लागारानें सुपर फॉस्फेट दुप्पट करण्यास सांगितलें. आम्हीं केलें. पीक उभें राहिलें, पण स्फुरद आयता मिळाला कीं झाड बुरशीस थारा देईनासें होतें, आणि ती दुप्पट मात्रा पुढें सवय होऊन बसली.

यावर कोणी म्हणेल, कर्ज गवतानें फिटत नाहीं. तें आम्हांस मान्य आहे. कुरण कधींच मोडूं नये असा आमचा हट्टहि नाहीं. परंतु वीतभर मातीखालीं मुरूम असेल तेथें नांगर घालूंच नये. तेथें चांगलें गवत आणि शेरडेंमेंढरें याहून अधिक कांहीं मिळावयाचें नाहीं. खोल जमीन मोडावयाचीच असेल तर पट्ट्यापट्ट्यानें मोडावी, मधले गवताचे पट्टे राखावे, आणि मोडल्यावर ती एक हंगामहि रिकामी ठेवूं नये. प्रथम बाजरी, ज्वारी, तूर, मटकी, हुलगा घ्यावा. मोहरी, मुळा, कोबी हीं या बुरशीस आश्रय देत नाहींत. तीं पहिल्या वर्षीं नकोत. स्फुरद माती तपासूनच द्यावा. बाजारांतील बुरशीची पुडी वाईट नव्हे, पण तींत एकदोन जाती असतात. पिढ्यान्‌पिढ्यांचें कुरण पुडींत भरून मिळत नाहीं.

आमच्याकडे अद्याप दोन एकर कुरण शिल्लक आहे व त्यावरून धाकट्या बंधूंशीं वाद चालू आहे. त्यांस विहिरीलगतचा अर्धा एकर हवा. तो आम्हीं देऊं केला आहे. अट एवढीच कीं, मृगाच्या पावसावर नांगरट झाल्याबरोबर त्यांत बाजरी-तूर पडली पाहिजे. बंधूंनीं अजून होकार दिलेला नाहीं.