ताडी आमची, मोह आमचा, मग गुन्हा कसला?

साथींनो,

पुण्यात २००९ पासून हॉटेलातच बिअर बनवून विकायला परवाना मिळतो. काचेमागे टाक्या चमकतात, लोक फोटो काढतात. शहरातली पोरं घरी बिअर कशी करायची ते शिकतात, त्याला छंद म्हणतात. आमच्या पाड्यावर म्हातारीने मडक्यात मोह भिजत घातला की त्याला गुन्हा म्हणतात. धाड पडते, मडकी फुटतात, जामिनासाठी कोंबड्या-बकऱ्या विकाव्या लागतात.

बिअर म्हणजे तरी काय? जवाला मोड आणायचे, उकळायचे, खमीर घालून आंबवायचे. आमच्या ताडीला तेवढीही खटपट नाही. संध्याकाळी ताडावर मडके बांधायचे, पहाटे उतरवायचे. पहाटे गोड, दुपारपर्यंत आंबते. खमीर हवेत आणि मडक्यातच असते, विकत आणावे लागत नाही. मोहाची फुले उन्हाळ्याच्या तोंडाला पहाटे पडतात. बाया-पोरं वेचतात, वाळवतात. ती पाण्यात आंबवायची, चुलीवर चढवायची, वाफ गार करून थेंब थेंब धरायची. आधी थेंब जमिनीला, देवाला, वाडवडिलांना. मग माणसांना. लग्न असो की मयत, त्याशिवाय होत नाही.

हे गुन्हा कधी झाले? इंग्रजांनी १८७८ साली अबकारी कायदा केला. ताडाच्या झाडावर कर बसला, दारू ठेकेदाराच्या हातात गेली. १८९२ साली खास मोहाचा कायदा आणला, तोही आपल्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. आपल्याच झाडाची फुले साठवणे गुन्हा झाले. कशासाठी? आदिवासीने घरी गाळू नये, पिठ्यावर विकत प्यावी म्हणून. पिठ्यावर उधारी झाली, उधारीपायी जमीन गेली, आणि मग त्याच जमिनीवर वेठ करायला आपणच. साथींनो, आपली जमीन घरच्या मडक्याने खाल्ली नाही. पिठ्याच्या वहीने खाल्ली.

कोणी म्हणेल, तुम्ही दारूची बाजू घेता. नाही. १९२२ च्या सुमाराला देवीची चळवळ आपल्या किनाऱ्याकडून सुरत जिल्ह्यापर्यंत गेली. आदिवासींनी दारू-ताडी सोडली, पिठेवाल्यांच्या कामावर जायचे नाकारले. ती बंदी लोकांनी स्वतः ठरवली होती, म्हणून तिच्यात ताकद होती. आजही आयाबहिणी म्हणतात, दारू बंद करा, घर मोडते. त्यांचे खरे आहे. मार बायकोच खाते, उपाशी पोरंच राहतात. पण काय बंद करायचे आणि काय ठेवायचे, ते त्या बायाच ठरवतील. साहेब कोण?

आणि विष कुठून येते ते पण बघा. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे मेली. ती मोहाने नाही, कारखान्यातल्या मिथेनॉलने. शहरातल्या दुकानांत ताडीत क्लोरल हायड्रेट मिसळतात, ते काय ताडावर पिकते? जो धंद्यासाठी नवसागर टाकतो, तो आपला असला तरी आपण त्याला पाठीशी घालायचे नाही.

१९४९ च्या कायद्याचे नाव दारूबंदी, पण त्याच कायद्याखाली सरकार परवाने देते आणि महसूल घेते. बंदी फक्त गरिबाच्या मडक्यावर. डहाणू आणि तलासरी दोन्ही अनुसूचित क्षेत्र. १९९६ चा पेसा कायदा सांगतो की मादक पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रण आणायचा अधिकार ग्रामसभेचा. गौण वनोपजाची मालकीपण तिचीच. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही वनोपज गोळा करायचा, विकायचा हक्क दिला. कागदावर सगळे आहे. पाड्यावर कधी येणार?

म्हणून प्रत्येक पाड्याने ग्रामसभा घ्यावी. बाया अर्ध्याहून कमी असतील तर ठराव करू नये. ठरावात चार गोष्टी घ्या: सण, लग्न, देवकार्याला घरची दारू गुन्हा नाही. विक्रीचा धंदा चालणार नाही. दमणची चोरटी बाटली आणि भेसळीची ताडी गावात येणार नाही. आणि बुलेट ट्रेन, महामार्गाच्या मोजणीत मोहाचे आणि ताडाचे एकेक झाड नोंदल्याशिवाय सही नाही.

शेवटचे नीट लक्षात ठेवा. झाडच गेले तर ना प्यायचा हक्क उरतो, ना सोडायचा.

जल, जंगल, जमीन आमचे! ग्रामसभा जिंदाबाद!