पीसीओएस म्हणजे वंध्यत्व नव्हे

पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) या विकाराचे निदान होताच घाबरलेल्या तरुणीला थेट आयव्हीएफचा रस्ता दाखवणे थांबले पाहिजे, अशी या दैनिकाची ठाम भूमिका आहे.

या विकारात बीजांडे संपलेली नसतात, ती वेळेवर सुटत नाहीत. म्हणूनच २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी, वंध्यत्वाचे अन्य कारण नसल्यास, औषधांत पहिली पसंती बीजांड सुटण्यास मदत करणाऱ्या लेट्रोझोलच्या गोळ्यांना दिली. भारतात वंध्यत्वासाठी लेट्रोझोलच्या वापरावर २०११मध्ये घातलेली बंदी २०१७मध्ये उठली.

तरीही भीती कायम आहे. ती लग्न जुळवताना आजार लपवायला लावते आणि कुटुंबाला न परवडणाऱ्या खर्चात ढकलते.

२०२१च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने आयव्हीएफ केंद्रांना यशाची शक्यता आणि खर्च यांबाबत समुपदेशन बंधनकारक केले आहे. आयव्हीएफआधी गोळ्यांचा पर्याय लेखी समजावला होता का, हे राज्य सरकारने तपासावे. टाळाटाळ करणाऱ्या केंद्रांवर कारवाई करावी.