कोंबडीच्या भावात न धरलेला खर्च

गेल्या महिन्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका आजींना त्यांचा मुलगा दवाखान्यात घेऊन आला. थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ. लघवीच्या कल्चरचा अहवाल पाहून मी चिंतेत पडलो. तोंडाने घेता येतील अशी बहुतेक सर्व प्रतिजैविके त्या जंतूंपुढे निष्प्रभ ठरली होती. उपाय एकच, रुग्णालयात राहून शिरेतून इंजेक्शने.

मुलाचा करार पद्धतीचा कोंबड्यांचा व्यवसाय. शेडमध्ये कोणती औषधे देता, असे मी विचारले, तेव्हा आजी गळ्यातील तुळशीच्या माळेला हात लावून म्हणाल्या, "डॉक्टर, मी जन्मात कोंबडी शिवले नाही हो!"

मुलाने हिशेब मांडला. पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची, शेड, वीज, तूस व मेहनत याची, मोबदला वजनावर. सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोचा पक्षी तयार होतो आणि तोवर सव्वातीन किलोच्या आसपास खाद्य फस्त करतो. एकूण खर्चाचा सर्वांत मोठा वाटा या मका-सोयाबीनचाच. उन्हाळ्यात मरतूक वाढली की सारे गणित कोसळते. म्हणून आजार दिसण्यापूर्वीच पाण्यातून औषध देण्याचा मोह होतो. "एका शेडमध्ये रोग शिरला तर बॅच जाते, डॉक्टर," तो म्हणाला. त्याला दोष देणे मला जमले नाही.

परंतु अशा वापरातून तगून राहिलेले जंतू शेडपुरते राहत नाहीत. खतातून शेतात, सांडपाण्यातून विहिरीत, हातांवरून घरात ते पोहोचू शकतात. त्यांना माळ दिसत नाही. आजींचा संसर्ग शेडमधूनच आला, असे मी म्हणणार नाही. पूर्वी उरलेल्या गोळ्या आपल्या मनाने घेण्याची त्यांची सवयही कारण असू शकते.

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१४ साली त्या परिसरातील कोंबडीचे ७० नमुने तपासले. ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. कोलिस्टिन हे आम्ही अगदी अखेरीस, मूत्रपिंडांना धोका पत्करून वापरतो. तेच कोंबड्यांनाही दिले जाई. २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाद्यप्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली. (कोंबड्यांना हार्मोनची इंजेक्शने देतात, ही मात्र अफवा. हजारो पक्ष्यांना रोज टोचणार कोण? ती झपाट्याची वाढ निवडक पैदाशीची आहे.)

घरातील वृद्धांची अंडी या लेखामुळे बंद करू नका. त्यांना प्रथिनांची गरज असते. अंडे पिवळ्या बलकापर्यंत घट्ट उकडावे. मांस पूर्ण शिजवावे, म्हणजे जंतू मरतात. औषधांचे अंश मात्र शिजवून पूर्णपणे जातीलच असे नाही. कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नये, शिंतोड्यांतून जंतू ओट्यावर पसरतात. तिची सुरी आणि पाट वेगळे ठेवावेत, हात साबणाने धुवावेत. शेडवर काम करणाऱ्यांनी आंघोळ करून, कपडे बदलूनच आजारी माणसाजवळ जावे.

दहा दिवसांनी आजी घरी परतल्या. रुग्णालयाचे बिल मुलाच्या एका बॅचच्या कमाईहून अधिक झाले. आता पाण्यात औषध टाकण्यापूर्वी तो पशुवैद्यकांना फोन करतो, आणि शेडचे कपडे शेडवरच ठेवतो.