फॉरमॅट मारा म्हणे!

माणूस आजारी पडला तर निदान त्याची जीभ तरी बघतात. काँप्युटरचे नशीब तेवढेही नाही. तो नुसता कण्हला, की लोक एकदम स्मशानाच्या वाटेकडे बोट दाखवतात.

आमचा कण्हू लागला तो टपालावरून. मी अजून ई-मेल फोनवर वाचत नाही. टेबलावरच्या काँप्युटरमध्ये टपालाचा एक प्रोग्राम आहे, त्यात वाचतो. नीट खुर्चीत बसून, चष्मा लावून. टपाल हे बसून वाचायचे असते, असे माझे जुने मत आहे. तर गेल्या काही महिन्यांत हा प्रोग्राम असा काही मंदावला, की सकाळी त्याच्यावर टिचकी मारायची, चहाचे आधण ठेवायचे, चहा गाळायचा, प्यायचा, कप विसळायचा आणि मग येऊन बघावे तर पत्रांची यादी अर्धवट उघडून सुन्न बसलेली. उत्तर लिहायला घ्यावे तर 'सप्रेम नमस्कार' टाइप करून मी पुढच्या वाक्याला पोचायचो, तेव्हा पडद्यावर 'सप्रे' उमटलेले असायचे. वाटे, हे सप्रे कोण? मधूनच वर पाटी झळके : 'नॉट रिस्पॉन्डिंग'. मी चौतीस वर्षे एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक टेबलावर काढली, पण इतक्या प्रामाणिकपणे ही पाटी लावण्याचे धैर्य आम्हालाही झाले नव्हते.

मग सल्लागार जमले. भाचा म्हणाला, "मामा, आठ वर्षं झाली मशीनला. किती ओढणार? फेका आता." शेजारचे इंजिनिअर म्हणाले, "आजकाल कोण काँप्युटरवर मेल वाचतं हो?" मी वाचतो, हे त्यांना समोर दिसत होते, पण तो मुद्दा त्यांनी विचारात घेतला नाही. शेवटी दुरुस्तीवाला आला. पाठीवरची पिशवीही खाली न ठेवता त्याने पडद्याकडे पाहिले आणि निकाल दिला, "काका, फॉरमॅट मारावा लागेल. पंधराशे होतील."

वाचकहो, माझे भांडण आहे ते या वाक्याशी. मारणे हे क्रियापद तिथे उगीच आलेले नाही. फॉरमॅट म्हणजे डिस्कवरचे होते-नव्हते तेवढे पुसून कोरी पाटी करायची आणि सगळे पुन्हा नव्याने भरायचे. ढेकूण झाले म्हणून गादीसकट घर पेटवून द्यावे आणि "आता एकही ढेकूण नाही, बघा!" म्हणून बिल पुढे करावे, त्यातला हा प्रकार. काय बिघडले आहे ते शोधायला अक्कल लागते, वेळ लागतो. फॉरमॅटला फक्त पेनड्राइव्ह लागतो.

"पण माझी पत्रं?" मी विचारले.

"ती सर्व्हरवर असतातच हो काका."

असतातच! कुणाची? ज्यांनी २००४ नंतर हा संसार मांडला त्यांची असतील. त्या वर्षी १ एप्रिलला गूगलने एक जीबी जागा फुकट देण्याचे जाहीर केले, तेव्हा पुष्कळांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली. कारण तोवर फुकटच्या पेट्या दोन-चार एमबीच्या असत. आमचीही तशीच. पेटी भरू नये म्हणून पत्र आपल्या काँप्युटरवर उतरवून घ्यायचे आणि तिकडची प्रत पुसली जायची, अशी रीत होती. ती मी पुढेही मोडली नाही. म्हणजे जे काही होते ते या एका डिस्कवर होते, आणि जगात दुसरीकडे कुठेही नव्हते.

आणि त्यात दादाची पत्रे होती. दादा बडोद्याला. २००१ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, तो ई-मेल शिकला आणि २०१६ मध्ये जाईपर्यंत दर रविवारी त्याचे पत्र येई. मराठी, पण रोमन लिपीत. त्या लिपीत त आणि ट यांच्यात सोयरिक असल्यामुळे 'नवा पत्ता टाक' हे मी 'नवा पत्ता, ताक' असे वाचले होते आणि बडोद्याला ताकाचे काय एवढे, म्हणून उलट विचारलेही होते. पंधरा वर्षे तो मला 'ताकमास्तर' म्हणून लिहीत होता. ते सगळे पंधराशे रुपयांत मारायचे?

दुरुस्तीवाल्याला चहा देऊन वाटेला लावले आणि दप्तर स्वतः तपासायला बसलो. चार दिवस लागले. पण जे हाती आले ते ऐकाच.

आपल्याला वाटते, एकेक पत्र वेगळ्या पाकिटात ठेवलेले असेल. तसे नाही. आमच्या प्रोग्राममध्ये एका फोल्डरातली सगळी पत्रे एकाच लांबलचक फायलीत, एकाखाली एक चिकटवलेली असतात. आता आपण एखादे पत्र 'डिलीट' करतो. ते जाते का? मुळीच नाही! त्याच्यावर 'रद्द' अशी बारीकशी खूण होते आणि ते जागच्या जागी बसून राहते. वर त्याची एक प्रत कचरापेटीच्या फायलीत जाते. म्हणजे एकाचे दोन झाले! मी पंचवीस वर्षे मन लावून जाहिराती पुसत होतो आणि दर पुसण्याबरोबर डिस्कवरचे ओझे वाढत होते. यादीत पत्रे दिसत होती दोन हजारांच्या आसपास, आणि फाइल होती ३.६ जीबीची.

त्यात फोटो. ई-मेल ही मुळात साध्या अक्षरांची ने-आण करायला जन्मली. तेव्हा फोटो पाठवायचा तर आधी त्याची अक्षरे करावी लागतात. तीन बाइटांची चार अक्षरे. म्हणजे तीन एमबीचा फोटो वाटेतच चार एमबीचा होतो आणि तसाच फायलीत जाऊन बसतो. याच भाच्याने आपल्या लग्नाचे एकशे चाळीस फोटो मला दोनदा पाठवले होते. (दुसऱ्यांदा, कारण पहिल्या वेळी मी पोच दिली नव्हती.)

आणि या सगळ्यावर अँटिव्हायरसचा पहारेकरी. नवे पत्र आले की फाइल बदलते. फाइल बदलली की हा गडी ती ३.६ जीबी पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतो. दारात पोस्टमन आला म्हणून घरातल्या यच्चयावत माणसांची झडती!

आता यावर उपाय आहे का? आहे. आणि संतापाची गोष्ट ही, की तो त्याच प्रोग्रामच्या पोटात आहे. खूण केलेली पत्रे खरोखर बाहेर टाकून फाइल आवळून बांधायची एक आज्ञा असते. तिचे नाव 'कॉम्पॅक्ट'. आता तुम्हीच सांगा, कॉम्पॅक्ट म्हणजे बायकांच्या पर्समधली पावडरची डबी, एवढेच ज्याला ठाऊक, त्याने त्या वाटेला कशाला जावे? अधूनमधून एक चौकट येऊन इंग्रजीत विचारायची : कॉम्पॅक्ट करू का? जे कळत नाही त्यावर सही करायची नाही, या नोकरीतल्या शिस्तीने मी दर वेळी 'नको' म्हणत आलो. माझी चूक, कबूल. पण चौकट बनवणाऱ्याला 'रद्दी काढू का?' असे विचारता आले नसते?

पाचव्या दिवशी प्रोग्राम बंद केला, त्याचे सगळे दप्तर आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले (हे पहिले, हे केल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही), मग तो उघडून कचरापेटी रिकामी केली आणि देवाचे नाव घेऊन कॉम्पॅक्ट म्हटले. बराच वेळ डिस्क कुरकुरत होती. ३.६ जीबीची फाइल १.४ वर आली. मग आमची कचेरीतली सहा गठ्ठे पद्धत आठवली. टेबलावर फक्त चालू कागद; निकाली निघालेले अभिलेख कक्षात; 'ड' वर्गाचे वर्षभराने रद्दीत; 'अ' वर्गाचे कायम जतन. तसे वर्षावर्षाचे फोल्डर केले, इनबॉक्समध्ये चालू टपाल तेवढे ठेवले. पहारेकऱ्याला सांगितले, या दप्तरात सारखा डोकावू नकोस. पत्राबरोबर आलेली फाइल बाहेर काढू तेव्हा तपास. दादाचे स्वतंत्र फोल्डर. अ वर्ग.

आता सकाळी टिचकी मारली की आधणाला बुडबुडे येण्याच्या आत यादी हजर असते. सौ. म्हणते, तेव्हापासून चहा मलाच करावा लागतो.

भाच्याच्या बाजूने एक सांगायलाच हवे. त्याचे अगदीच चूक नव्हते. आमची डिस्क जुनी, फिरणारी. पत्र शोधायला तिचा काटा इकडून तिकडे धावतो. त्या जागी नव्या पद्धतीची, न फिरणारी एसएसडी बसवली तर आणखी वेग येईल. पण ती याच मशीनमध्ये बसते, नव्या मशीनच्या किमतीच्या लहानशा भागात. हे मला आठव्या दिवशी कळले, तेही मी खोदून विचारले म्हणून. पहिल्या दिवशी 'फेका'च.

काल त्याचा फोनवर मेसेज आला. रोमन लिपीत. नव्या मशीनवर सवलत आहे, ऑर्डर टाकू का?

मी कळवले, "ताक नको. चहा झाला आहे."