शेळी आत, कुत्रा बाहेर

(तृतीय वर्ष, कला शाखा)

'कुत्रा फिरवायला नेणे' हा शब्दप्रयोग आमच्या वस्तीवर कोणाच्या तोंडी नाही. नगरला सावेडीच्या बाजूस सायंकाळी हातात साखळी धरून निघालेली मंडळी पाहिली म्हणजे आमच्याकडच्या माणसांना हसू येते. आमच्याकडे माणूस कुत्र्याला फिरवीत नाही, कुत्राच माणसाला फिरवून आणतो. रात्री गव्हाला पाणी धरावयास निघालेल्या शेतकऱ्याच्या पुढे कुत्रा असतो, पहाटेची एस.टी. गाठण्यासाठी फाट्याकडे निघालेल्या माझ्यासारख्या विद्यार्थिनीच्या मागे कुत्रा असतो. "कुत्रा बरोबर आहे ना? मग काळजी नाही," असे म्हणून घरची वडीलधारी माणसे निर्धास्तपणे कूस बदलतात.

मला या वाक्याबद्दलच लिहावयाचे आहे. अकोले, संगमनेर, राहाता, राहुरी, पारनेर या आमच्या तालुक्यांत हिवाळ्याच्या अंधारात मोकळा कुत्रा बरोबर नेणे म्हणजे संरक्षण नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला आपण राखणदार समजतो ते बिबट्याच्या लेखी भक्ष्य आहे. आणि ते भक्ष्य आपण आपल्याच पायांपाशी ठेवून उसाच्या कडेकडेने नेत असतो.

हे मत हवेतले नाही. अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांचा काही वर्षे अभ्यास केला. ज्या भागात दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात, तेथे शंभर चौरस किलोमीटरांत सुमारे पाच बिबटे नांदतात, असे त्यांना आढळले. हे बिबटे खातात काय? त्यांची विष्ठा तपासून केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबाने त्यांच्या खाण्यात पाळीव व गावात राहणाऱ्या जनावरांचा वाटा ८७ टक्के होता, आणि त्यांत सर्वांत मोठा, म्हणजे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. शेळ्यांचा वाटा केवळ ११ टक्के. वास्तविक त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या.

सातपट असूनही शेळी का वाचते? कारण साधे आहे. शेळी दिवसा राखणीत चरते आणि दिवेलागणीला गोठ्यात कोंडली जाते. दाराला कडी, कडीला खिळा. शेळीला बाजारात किंमत आहे, म्हणून तिला दार आहे. कुत्र्याला किंमत नाही, म्हणून तो अंगणात. शेळी गेली तर पंचनामा होतो. कुत्रा गेला तर "दोन दिवस दिसला नाही" एवढीच नोंद आणि पुढच्या आठवड्यात कोठून तरी नवे पिल्लू. त्याचेही नाव पुन्हा वाघ्याच. (आमच्या जिल्ह्यातील निम्म्या कुत्र्यांचे नाव वाघ्या असावे. खंडोबाची कृपा म्हणावी की वाघरावर केलेली कुरघोडी, कोण जाणे!)

बिबट्या येथे आला कोठून, असे आपले शहरी मित्र विचारतात. तो यावा अशी सोय आपण शंभर वर्षे करीत आलो आहोत. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले. पन्नास सालच्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि मैलोन् मैल उसाचे रान झाले. पुरुषभर उंच, दाट, थंड, पाण्याकाठचे रान! बिबट्याची मादी त्यात वितेल नाही तर काय करील? आपण त्याला शेत म्हणतो, ती त्याला जंगल म्हणते.

हिवाळ्यात मात्र हा शेजार अवघड होतो. एक तर रात्र तेरा तासांची. सहाला दिवस मावळतो तो सातला उजाडतो. दुसरे, कारखान्यांचे बॉयलर पेटतात, तोड सुरू होते, आणि काल ज्या फडात आसरा होता तेथे आज नुसती पाचट उरते. पिल्ले घेऊन मादी या फडातून त्या फडात हलते. आणि याच दिवसांत गव्हा-हरभऱ्याची भरणी असतात. शेतीची लाईट काही दिवस दिवसाची, तर काही दिवस रात्रीची. म्हणजे ज्या वेळी बिबट्या बांधावर असतो, नेमका त्याच वेळी आमचा बाप खोरे घेऊन त्याच बांधावर असतो. दोघांच्या मध्ये कुत्रा.

आता कुत्र्याचे वागणे पाहा. त्याला वास आधी लागतो, हे खरे. पण वास लागल्यावर तो करतो काय? एक तर भुंकत सरळ उसात घुसतो, किंवा शेपूट घालून धन्याच्या दोन पायांत शिरतो. पहिल्या प्रकारात तो एकटा मरतो. दुसऱ्या प्रकारात बिबट्याची झेप त्याच्यावर असली तरी तो उभा असतो तुमच्या पोटऱ्यांपाशी. उभा, बोलत चाललेला मोठा माणूस बिबट्या सहसा टाळतो. मात्र वाकून दारे धरणारा, परसाकडे बसलेला किंवा उंचीने लहान असलेला माणूस त्याला अंधारात माणूस वाटेलच असे नाही. अशा वेळी शेजारी कुत्रा असावा की नसावा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

यावर कोणी म्हणतील, "पिंजरा लावा, धरून दूर सोडा." हाही उपाय आपण करून पाहिला आहे. आपल्या पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरला २००९ साली विहिरीत पडलेला एक बिबट्या काढून, गळ्यात यंत्राचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. अभ्यासकांनी त्याचे नाव 'आजोबा' ठेवले. हा आजोबा महामार्ग, रेल्वे, गावे ओलांडीत सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूस पोचला. २०१४ साली त्याच्यावर चित्रपटही निघाला. तोवर तो बिचारा २०११ सालीच घोडबंदर रस्त्यावर वाहनाखाली गेला होता. शेजारच्या जुन्नर भागात तर बिबटे धरून इकडचे तिकडे सोडण्याचा सपाटा लावला, तेव्हा माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेले. पिंजऱ्याची गरज कधीच पडत नाही असे मी म्हणत नाही. माणसे मारू लागलेल्या जनावराचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण पिंजरा रिकामा झाला की त्या जागी दुसरा बिबट्या येतो, कारण अंगणात कुत्रे तसेच मोकळे असतात.

धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधतात, हे आपण पाहिले आहे. बिबट्या नरडे धरतो, त्यावर हा जुना आणि नामी उपाय. २०२५ च्या हिवाळ्याच्या तोंडी शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात माणसांचे बळी गेले, लोकांनी महामार्ग अडवला, बिबट्याला गोळी घातली गेली. आणि त्यानंतर शेतात जाणाऱ्या बायाबापड्या स्वतःच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून निघाल्या. वर्तमानपत्रांतून ती छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली. काहींना त्यांत गंमत वाटली. मला ती पाहवली नाहीत. कुत्र्याचा पट्टा माणसाच्या गळ्यात आला, आणि कुत्रा मात्र बिनपट्ट्याचा अंगणात!

म्हणून माझे म्हणणे असे. दिवस मावळला की कुत्रा आत घ्यावा. घरात नको तर शेळ्यांच्या गोठ्यात, पण दाराच्या आत. भुंकावयाचे असेल तर तो तेथूनही भुंकेल, आणि तेच त्याचे खरे काम. बरोबर न्यावाच लागला तर दोरी आखूड असावी, पट्टा खिळ्यांचा असावा, आणि दोरी मनगटाला गुंडाळू नये, नुसती हातात धरावी. प्रसंग आला तर सोडता आली पाहिजे. बांध सोडून रस्त्याच्या मधून चालावे. मोबाईलचा मिणमिणता उजेड पायापुरताच पडतो. चांगली बॅटरी घेऊन उजेड दोन्ही बाजूंस फिरवावा. घुंगरकाठी आपटावी, मोठ्याने बोलावे, गाणे वाजवावे. कानांत बोंडे घालून चालणाऱ्या मित्रांनी हे विशेष वाचावे. खाटकाची घाण आणि मेलेल्या कोंबड्या चारीच्या कडेला टाकणे थांबवावे. जेथे घाण तेथे मोकाट कुत्रे, आणि जेथे कुत्रे तेथे तो.

पण खरा उपाय शेतीला दिवसा वीज हाच आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली निघाली, तिचा दुसरा टप्पा २०२३ साली आला. ज्या गावांना दिवसाची लाईट मिळाली तेथे रात्री बांधावर जाण्याचे कारणच उरत नाही. आपल्या महाविद्यालयात निवडणुकांवर, चित्रपटांवर, क्रिकेटवर तावातावाने वाद होतात. ज्यांचे वडील रात्री दारे धरतात अशी निम्मी मुले वर्गात बसलेली असताना 'दिवसाची लाईट' हा विषय वादविवाद मंडळाच्या यादीत एकदाही येऊ नये, याचे मला नवल वाटते. प्राध्यापक मंडळींनीही याचा विचार करावा.

धर्मराजाने स्वर्गाच्या दारात कुत्र्याला सोडले नाही, हे आपण कीर्तनात माना डोलवीत ऐकतो. घरी येऊन त्याच रात्री अंगणात वाघ्याच्या पुढे भाकरी टाकतो आणि आतून कडी लावतो. पहाटे फाट्यावर जाताना पश्चिमेला मावळतीकडे कललेला व्याध दिसतो. आपण त्या ताऱ्यात शिकारी पाहिला. पाश्चात्त्यांनी म्हणे त्याच ताऱ्याला कुत्रा म्हटले. एकाच ठिकाणी शिकारी आणि कुत्रा. आमच्या बांधावरही तेच.

गेल्या कार्तिकापासून आमच्या वस्तीवर वाघ्याची जागा शेळ्यांच्या गोठ्यात आहे. पहाटे मला फाट्यावर सोडावयास भाऊ सायकल घेऊन येतो, कारण मला सोडून वाघ्याला एकट्याने उसातून परतावे लागे, आणि त्याची काळजी कोणी करीत नसे. आजी मात्र अजून रागावलेली आहे. कुत्रा आत आणि शेळ्या रात्रभर ओरडतात, मला झोप नाही, असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. पहिले चार दिवस शेळ्या ओरडल्या हे खरे आहे. आता एक करडू त्याच्या पोटाशी झोपते.