बशीभर च्या

माझ्या पुतण्याचा बंड्या दीड वर्षाचा आहे. त्याला काय पाजावं याबद्दल आमच्या घरात प्रत्येकाला स्वतंत्र मत आहे. मत नाही ते फक्त बंड्याला. पुढं येईल ते तो पितो.

परवा पोरगं पांढरं दिसायला लागलं म्हणून डॉक्टरांकडं नेलं, तर रक्तात लोह कमी. "दिवसभरात काय काय पितो?" त्यांनी विचारलं आणि आम्ही हिशेब मांडायला बसलो. सकाळी आईच्या मांडीवर बशीभर च्या. मग आमच्या सौभाग्यवतींची डब्यातली पावडर घालून दूध. दुपारी मी आणलेला खोक्यातला आंब्याचा रस. रात्री बाटली, तीही साखर घालून, कारण त्याशिवाय साहेब झोपत नाहीत. बेरीज झाली, आणि शिलकीत जेवण निघेना!

डॉक्टर म्हणाले, चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध झालं, तर पोट दुधानंच भरतं. मग भाकरी-वरणाला जागा कुठली? दोन वर्षांपर्यंत वरची साखर नको, फळाचा रसही नको. फळ कुस्करून द्या. बाटली तोंडात ठेवून झोपवलं, तर दात किडतात. प्यायला साधं दूध आणि पाणी. संपलं.

संपलं कसलं! आमच्या कोल्हापुरात दुधाचं वेड आधीच भारी. तालमीतले वस्ताद लगेच म्हणाले, "डाक्टरला काय कळतंय? गंगावेशीत न्या पोराला, म्हशीखालचं धारोष्ण पाजा!" वस्ताद, ते तुम्हाला पचतं, कारण तुम्ही सकाळी हजार जोर काढता. बंड्या अजून पायरी उतरताना बसतो. शिवाय कच्च्या दुधात जंतू असतात. पोराचं दूध उकळूनच द्यायचं.

आणि ती पावडर! डब्याचं लेबल मी पहिल्यांदाच चष्मा लावून वाचलं. १०० ग्रॅममध्ये साखर ३२ ग्रॅम. शेकडा ३२! या दरानं आम्ही कर्ज द्यायला लागलो, तर गिऱ्हाईक काऊंटरवर चढून मारील. इथं आपण रांगेत उभं राहून घेतो. २००६च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'आरोग्यपेय' अशी व्याख्याच नाही. म्हणून एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य खात्यानं ऑनलाइन दुकानदारांना सांगितलं, की बोर्नव्हिटासकट असली पेयं त्या सदरातून काढा. म्हणजे जे खातंच उघडलेलं नव्हतं, त्यात आपण वर्षानुवर्षं भरणा करत होतो!

दूधबाटलीच्या जाहिरातीला तर १९९२च्या कायद्यानं बंदी आहे. पण जाहिरात हवी कशाला? आजी, आत्या, शेजारच्या काकू फुकट करतात. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा कोण करणार? मी तर नाही. मला त्याच घरात जेवायचं आहे.

तरी परवा आईला म्हटलं, "आई, च्या बंद."

"बशीभर च्यानं काय हुतंय रं? तुला न्हाई व्हय पाजला? झालासच की क्लार्क!"

यावर मला उत्तर सुचलं नाही. मात्र बशी उचलून मीच प्यालो. हल्ली रोज पितो. बंड्या समोर बसून फुलपात्रातून पाणी पितो. निम्मं पोटात, निम्मं माझ्या बँकेच्या विजारीवर.